मोर पुसला

गिरगावातल्या पाडव्याच्या शोभायात्रेसाठी रंजिताला चौकभर रांगोळी घालायची होती. मनात दोन चित्रं होती: गेल्या वर्षी वाहवा मिळवलेला मोर आणि मासळी कापणारे आईचे हात. रांगोळीतला साथीदार स्वप्नील म्हणाला, “मोर काढ. मोराला कुणी नावं ठेवत नाही.” तिनं खडूनं मोराची मान आखलीसुद्धा. पण पिसारा तिला डोळे मिटून काढता आला असता; हात जमतील का, याची मात्र धाकधूक होती. अशी धाकधूक मोरानं कधीच लावली नव्हती. तिचं ठरलं. ओल्या फडक्यानं तिनं मोर पुसला. “वेडी झालीस? लोक काय म्हणतील?” स्वप्नील ओरडला. “बघतील तर खरं,” म्हणत ती कामाला लागली. ढोल वाजेपर्यंत हात पूर्ण झाले. बघायला आलेली आई वाकून म्हणाली, “अंगठ्यावरचा वण ऱ्हायला गो!” रंजितानं हसत पांढऱ्या रांगोळीची चिमूट उचलली.