धक्क्यावरची पेटी

जवळ या मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. आगरदांड्याच्या दिनानाथ मास्तरांची गोष्ट सांगतो. पेन्शनीत गेल्यावर मास्तरांनी आपली सारी पुस्तकं पेटीत भरून होडीच्या धक्क्यावर ठेवली. जुन्या डिटेक्टिव्ह कादंबऱ्या, ग्रहणांचं गणित, नारळाचे रोग, ज्याला जे हवं ते त्याने न्यावं. मात्र प्रत्येक डिटेक्टिव्ह कादंबरीचं शेवटचं पान मास्तर फाडून घरी ठेवत. खुनी कोण हे ज्याला कळायला हवं, त्याने त्यांच्या ओटीवर यावं, चहा घ्यावा आणि पान वाचावं. एकट्या जिवाला तेवढीच सोबत.

पुढे होडीवाल्या येसाजीने चहावर चहा पिऊन सगळे शेवट वाचून काढले आणि होडीतच सांगू लागला, "खून दिवाणजीनं केलाय. कशाला उगाच मास्तरांच्या घराची चढण चढता?" मग कोणी फिरकेना. मास्तरांची दुसरी कपबशी फडताळात पालथीच राहिली.

माघातल्या एका दुपारी खालच्या आळीतली सोनाबाई आली. नवरा गेल्यापासून तीही एकटीच होती.

"मास्तर, यात शेवटचं पान न्हाय हो," म्हणत तिने पुस्तक पुढे केलं.

ते नारळाच्या रोगांचं पुस्तक होतं. त्याचं पान मास्तरांनी कधी फाडलंच नव्हतं.

तिच्या कनवटीला खोचलेला छापील कागद त्यांना दिसला.

"शोधावं लागेल," मास्तर म्हणाले. "बसा सोनाबाई, चहा ठेवतो."

मंडळी, आज देवापुढे काही मागायच्या निमित्ताने हात जोडाल, तेव्हा त्या माउलीची आठवण असू द्या.