पहिली बॅग गुरुजींच्या घरची

बद्रीनाथ गुरुजींनी बॅग स्वतः उचलली आणि चौकातल्या सगळ्यांच्या देखत जीपच्या टपावर ठेवली.

"ही माझ्या अर्पिताची. आता हिच्या शेजारी तुमच्या ज्योत्स्नाची ठेवा," ते म्हणाले.

कुंभार पिंपळगावहून लेकीला घेऊन आलेला कडूबा इतका वेळ तिच्या पेटीवर हात ठेवून उभा होता. आता त्यानं हात काढला.

जालन्याला मिशनचं विद्यापीठ होतं. नर्सिंग, समाजकार्य, शिक्षण, कॉम्प्युटर अशा पदव्या होत्या, खेड्यातल्या पोरींसाठी राखून ठेवलेल्या जागा होत्या, हॉस्टेल होतं. गुरुजी उन्हाळाभर गावोगाव फिरून तिथं पोरी पाठवायचे. विद्यापीठानं त्यांना शाल दिली होती आणि ती ते ऐन मे महिन्यातसुद्धा खांद्यावर टाकून फिरत. हौसच तेवढी. लोकांचा पेच मात्र सुटत नव्हता. ख्रिस्ती लोकांच्यात ठेवलेली पोर आपली राहील का? कडूबानं तर तोंडावर नाही म्हणून सांगितलं होतं. मग गुरुजींनी शेवटचा पत्ता टाकला. "मी माझी सख्खी पोर ठेवून राह्यलो. मंग तर झालं?"

अर्पिताला त्या दिवशी बाबांचा इतका अभिमान वाटला की तिला रात्री जेवण गेलं नाही. तिला नर्सिंगला जायचं होतं. अर्ज मोबाइलवर मीच भरतो, असं बाबा म्हणाले होते. नर्सिंगला नखं चालत नाहीत असं कुणीतरी सांगितलं, तर तिनं निघायच्या आदल्या दिवशीच सगळी नखं मुळापासून कापून टाकली. माहेरी आलेली थोरली बहीण साधना जवळच बसली होती.

"नखं नको कापू गं," ती म्हणाली. "राहू दे."

अर्पिता फणकारली. "तुला एक दिवस निघाला न्हाई तिथं. मला कशाला शिकवतीस?"

ते खरंच होतं. साधनालाही बाबांनी असंच नेलं होतं, पण बाबा सांगायचे, तिला हॉस्टेल मानवलं नाही. त्याच दिवशी रडत परत आली आणि पुढच्या महिन्यात तिचं लग्न झालं. तिच्यासोबत गेलेली गावातल्या साळूबाईची लेक तिथं पदवीधर झाली, आज शाळेत शिकवते. घरात कुणी धीर सोडला की सगळे साधनाचंच नाव घ्यायचे. अर्पिता तर तिला येता-जाता टोचायची. साधना कधी उलटून बोलत नसे. त्या दिवशीही ती पडलेली नखं तेवढी गोळा करून टाकून आली.

निघताना ज्योत्स्नाच्या मांडीवर आईनं दिलेला लाडवांचा डबा होता. अर्पिताच्या आईनं काहीच दिलं नव्हतं, दारातही आली नव्हती. अर्पिताला वाईट वाटलं. मग तिनं स्वतःची समजूत घातली, की आईला रडू आवरत नसेल.

विद्यापीठाच्या ऑफिसात ज्योत्स्नाचं नाव पुकारलं. सिस्टरनं कागद बघितले, पाठीवर हात ठेवला आणि खोलीची किल्ली दिली. बी.एस्सी. नर्सिंग. कडूबानं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. अर्पिता आपल्या नावाची वाट बघत उभी राहिली. तेवढ्यात गुरुजींनी तिला व्हरांड्याच्या टोकाला नेलं.

"सांजच्याला पाव्हणे येऊन राह्यलेत. तुला बघायला."

"आन् माझा अर्ज?"

गुरुजींनी खांद्यावरची शाल सारखी केली. "भरला न्हाई. आपल्या सोयऱ्यांना हे बिलकुल चालायचं न्हाई."

"मंग मला आणलं कशाला?"

"तू जीपमधी बसली म्हणून कडूबानं पोर बसवली. आता तोंड उघडलंस तर तो ज्योत्स्नाला हाताला धरून परत नेईल. बघ, तुझ्यावर हाय."

बाबांनी तिला फसवलं होतं आणि वर ती फसवणूक झाकायचं कामही तिलाच दिलं होतं. ओरडून सांगावं असं तिला फार वाटलं. समोर ज्योत्स्ना किल्ली मुठीत धरून हसत उभी होती.

कडूबा जवळ आला. तो रात्री जालन्यातच मेव्हण्याकडं थांबणार होता.

"माय, तू हायेस म्हणून निवांत जातो. माझ्या ज्योत्स्नाकडं ध्यान ठेवशील ना?"

"ठेवीन, काका," अर्पिता म्हणाली.

परत येताना टपावर एकच बॅग होती. अंबड मागं पडलं. मग गुरुजी हळूच म्हणाले, "कुणी विचारलं तर सांगायचं, हॉस्टेल मानवलं न्हाई."

दारासमोर पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या. साधना पुढं झाली, तिनं बॅग उतरवून घेतली. बहिणीचे कापलेल्या नखांचे हात तिनं आपल्या हातात धरले.

"ताई," अर्पितानं विचारलं, "हॉस्टेलच्या खोल्या कशा हायेत गं?"

"मला काय ठाऊक?" साधना म्हणाली. "मी तरी कुठं बघितल्या?"