लेखनिकाची बैठक

धर्मग्रंथाच्या जुन्या हस्तलिखितातल्या प्रत्येक पानाचे दोन फोटो काढायचे, हा छायाचित्रकाराचा शिरस्ता. एक हलला, तर दुसरा हाताशी असावा.

या पानावर तोच ग्रंथ लिहीत बसलेल्या म्हाताऱ्या लेखनिकाचं चित्र होतं. पहिल्या फोटोत त्याचा बोरू दौतीत होता. दुसऱ्या फोटोत कागदावर.

"बाई, पान उलटलंत की काय?"

"छे हो! हाताची घडी घालून बसलेय मी," समोरच्या ग्रंथपालबाई म्हणाल्या.

त्याने श्वास रोखून तिसरा फोटो काढला. म्हाताऱ्याने मान वर केली होती. चौथ्यात बैठक रिकामी. कॅमेरा बाजूला करून त्याने पानाकडेच पाहिलं. तिथेही नुसती बैठक.

"दादा," बाईंचा आवाज चिरकला, "तुमच्या खांद्यावर शाईची बोटं उमटलीत. ओली आहेत."