पुलावरचा पहारा

"पूल झाला, पण त्यावरून जायला माणूसच नाही," पडद्यावरची बातमीदार म्हणाली आणि मेसमध्ये आचाऱ्याने आमटीचा डाव टेबलावर आपटला.

पडद्यावर त्यांचाच पूल होता. लढाईत जुना पूल उडाला होता. तो नव्याने बांधून द्यायला तर ही तुकडी आपला देश सोडून इथवर आली होती. चिखलात उभं राहून एकेक खांब त्यांनी वर आणला होता. आणि आता चित्रात पूल रिकामा. कठड्यावर एक कावळा. खालच्या अंगाला, कमरेएवढ्या पाण्यातून, गावच्या बायाबापड्या डोक्यावर बोचकी घेऊन पलीकडे चाललेल्या.

"मग एवढी माणसं तिथे पाठवली तरी कशाला?" बातमीदार विचारत होती. "ही मोहीम फसली का?"

"फसली म्हणे!" आचारी ओरडला. "हिला आणा रे कुणी इथे. सिमेंटचं एक पोतं उचलून दाखव म्हणावं."

"उचलेल ती," दुर्बीण म्हणाला. लांबचं दिसायचं म्हणून त्याला हे नाव पडलं होतं. "आणि उचलता उचलता विचारेल, पोतं फाटलंय ते कुणाच्या कृपेने."

सगळे हसले. सुभेदार हसले नाहीत. ही बातमी तिकडे कालपासूनच दाखवत होते आणि दुपारीच घरून फोन आला होता. लेक म्हणाली होती, "बाबा, वर्गातली मुलं म्हणतात, तुझ्या बाबांनी कावळ्यांसाठी पूल बांधलाय. खरं का?" गोळीला काय उत्तर द्यायचं ते सुभेदारांना शिकवलेलं होतं. याला काय द्यायचं ते कुणी शिकवलं नव्हतं.

"बाई परवा परत येतेय," ते म्हणाले. "थेट प्रक्षेपण आहे. घरी सगळे बघणार. पूल असा दिसला पाहिजे, की तिची बोलतीच बंद."

सैनिकाला राग आला की तो काहीतरी घासायला घेतो. त्यांनी कठडे घासले, बूट घासले, बंदुका घासल्या. एरवी पुलाच्या दोन्ही टोकांना एकेक पहारेकरी असायचा, तिथे अख्खी रांग उभी केली. छाती पुढे, नजर करडी. आचाऱ्यालाही गणवेशात कोंबलं. बटणं कुरकुरली, पण लागली.

बातमीदार आली. सोबत कॅमेरावाला. सकाळची वेळ, गावची माणसं बाजाराला निघालेली. ती काठावर आली. त्यांनी पुलाकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं, आणि निमूट कपडे वर खोचले.

दुर्बिणीला राहवेना. त्याने हात उंच करून 'या, या' अशी खूण केली. हातात बंदूक होती. माणसं जरा भराभरच पाण्यात शिरली.

"सुभेदार, खरं सांगा," बातमीदाराने माइक पुढे केला. "हा पूल कुणासाठी आहे?"

"लोकांसाठी," सुभेदार म्हणाले. त्यांच्या मागे पूल या टोकापासून त्या टोकापर्यंत लख्ख मोकळा होता. तिने पुढे काही विचारलं नाही. तेच जास्त झोंबलं.

कॅमेरा बंद झाला तशी सुभेदारांनी टोपी काढली.

"उठवा पहारा. कुणी येतच नाही, तर राखायचं काय? बूट काढा सगळ्यांनी. पोहायला चला."

"साहेब, हा हुकूम समजायचा का?"

"तुला काय निमंत्रणपत्रिका छापून देऊ?"

बंदुका तंबूत गेल्या. गणवेश झुडपांवर वाळत घातल्यासारखे पसरले. बनियन-चड्डीतली ती तुकडी पुलाखाली धबाधब पाण्यात पडली. कित्येक दिवसांत कुणी असं पडलं नव्हतं. आचारी उतरला तेव्हा नदी वीतभर वर आली, असं दुर्बिणीचं म्हणणं. मग पाणी उडवणं सुरू झालं, आणि त्यात कोण साहेब नि कोण शिपाई ते कुणालाच कळेना.

तेवढ्यात डोक्यावर धपधप आवाज आला.

आधी एक कुत्रं गेलं. त्याच्यामागून पोरं, ओरडत, परत फिरत, पुन्हा पळत. मग बोचकीवाल्या बाया, कोरड्या पायांनी. मग एक हातगाडी. मग तर अशी रीघ लागली, की कठड्याशी उभं राहायला जागा उरेना.

"लाव, लाव लवकर!" बातमीदार कॅमेरावाल्यावर ओरडत होती. स्वतःच बांधल्यासारखी ती त्या पुलाकडे बघत होती.

शेळ्या हाकत एक म्हातारी आली. मधोमध थांबली, कठड्यावरून वाकली आणि पाण्यातल्या माणसांशी आपल्या भाषेत तावातावाने बोलू लागली. तुकडीचा दुभाषी तिथेच डुंबत होता. बिचाऱ्याला आजवर खडी कुठे मिळेल आणि अंडी ताजी आहेत का, यापलीकडे गावाला काही विचारायची वेळच आली नव्हती. तो ऐकत गेला आणि हसता हसता पाणी प्यायला.

"अहो, काय म्हणतायत त्या?" सुभेदार ओरडले.

"म्हणतायत, इतके बंदूकवाले डोळ्यांत तेल घालून राखण करतायत, म्हणजे या पुलावरून कुणीतरी फार मोठा माणूस जायचाय. तो जाईपर्यंत आपण कशाला मध्ये कडमडायचं? म्हणून अख्खं गाव थांबलं होतं." दुभाष्याने डोळे पुसले. "विचारतायत, गेला का तो एकदाचा?"

सुभेदारांनी मान वर करून पाहिलं. कॅमेरा नेमका त्यांच्यावर रोखलेला होता. नाकातोंडात पाणी, केस कपाळाला चिकटलेले. त्यांनी तसाच ओल्या हाताने म्हातारीला कडक सलाम ठोकला.

"सांगा त्यांना, आत्ताच चाललाय. शेळ्या घेऊन."