घरीच असते

“आधी ती तोंडातली तार काढ,” डॉक्टर कल्याणी उंबऱ्यातूनच ओरडली.

मिसबा दचकली. तिच्या एका हातात दिव्यांच्या माळेची पट्टी होती, दुसऱ्यात तापलेली सोल्डर गन. डाग द्यायची तार धरायला तिसरा हात वरच्यानं दिलेला नाही, म्हणून ती दातांत. बुधवार पेठेतल्या त्या बोळात सगळे अशीच धरत. वाऱ्यानं गन गार होते म्हणून खिडकी बंद, पंखा बंद. शेजारी ताटलीत अर्धी खाल्लेली पोळी. आणि पोटात तिसरा महिना.

दवाखान्यात कल्याणीनं विचारलं होतं, “काही काम करतेस का?” त्यावर मिसबा म्हणाली होती, “छे, घरीच असते.” त्यात तिला काही खोटंही वाटलं नव्हतं. आफताबच्या, नवऱ्याच्या, दुकानाला हातभार लावणं, याला काम कोण म्हणतं? पण आधीची दोन बाळं पाचवा महिना सरायच्या आतच गेली होती आणि नेहमीच्या तपासण्यांत काहीच सापडत नव्हतं. मग कल्याणीनं हट्टानं रक्तातलं शिसं तपासून घेतलं. आज सकाळी रिपोर्टमध्ये ते भरमसाट निघालेलं तिनं पाहिलं. पत्ता विचारत विचारत ती थेट जिना चढून आली होती.

“या तारेत शिसं असतं, मिसबा. दातांतून, धुरातून, त्या पोळीवरच्या धुळीतून ते तुझ्या पोटात जातंय.”

कोपऱ्यातल्या खाटेवर सासरे दादामियाँ चहा पीत बसले होते. आख्ख्या बोळात शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी बशी खाली ठेवली नाही.

“डॉक्टरबाई, चाळीस वर्षं ही तार माझ्या दातांत आहे. अजून बसलोय तुमच्यासमोर.”

“बसलायत खरे. पण चाचा, तुमच्या पोटात मूल नव्हतं.”

दादामियाँना असं तोंडावर ऐकवायची आजवर कोणाची टाप नव्हती. मिसबानं घाईनं ओढणी तोंडाला लावली. म्हातारा आता काय बोलतो याची धास्ती कल्याणीलाही होती, पण आलेला शब्द मागे घेणाऱ्यातली ती नव्हे.

“आईच्या रक्तातलं शिसं बाळाकडे जातं,” ती जरा हळू आवाजात म्हणाली. “नाळ ते अडवत नाही.”

दादामियाँनी बशी ठेवली.

“म्हणजे आधीची दोन… यानंच गेली?”

“ते मला सांगता येणार नाही, आणि मी खोटं बोलणार नाही. पण हे तिसरं आपण असं जाऊ द्यायचं नाही.”

दादामियाँ गुडघ्यावर हात देऊन उठले, भिंतीपाशी गेले आणि त्यांनी गनची पिन उपटली.

“अब्बा, माळा राहिल्यात,” मिसबा म्हणाली. “गणपती तोंडावर आलेत.”

“चार माळा कमी पडल्या म्हणून गणपती रुसत नसतो. आणि रुसलाच तर या डॉक्टरबाई बघून घेतील.”

त्या संध्याकाळी सगळं सामान खाली दुकानात गेलं. घर झाडायचं नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. दुकानातून आलेल्या आफताबनं अंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय बायकोजवळ फिरकायचं नाही. तिला दूध, नाचणी आणि लोहाच्या गोळ्या. कल्याणीचं फर्मान सगळ्यांनी कुरकुरत पाळलं. पुढच्या तपासण्यांत रक्तातलं शिसं उतरत गेलं. पाचवा महिना सरला त्या दिवशी घरात कोणी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, दृष्ट लागेल म्हणून. एकट्या आफताबनं जिन्यात बसून डोळे पुसले.

उन्हं तापायला लागली आणि एका दुपारी मिसबाला प्रसूतिगृहात आणलं. कल्याणी हात पुसत बाहेर आली तेव्हा दादामियाँ दारातच उभे होते. त्यांच्या मागे बोळातल्या दोन सुना अवघडून उभ्या होत्या.

“या दोघींनाही दिवस गेलेत,” ते म्हणाले. “घरी माळा जोडतात आणि मला सांगतात, काम करत नाही. यांचंही रक्त बघा. पण आधी आतलं सांगा.”

कल्याणीला सांगावं लागलंच नाही. आतून असा टाहो ऐकू आला की बाकावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या.

“मुलगी आहे,” कल्याणी म्हणाली. “पावणेतीन किलो. दोघी ठणठणीत.”

 म्हाताऱ्याचे डोळे भरले, पण जीभ शेवटी पेठेतली.

“तिला सांगा डॉक्टरबाई, पुण्यात दुपारी एक ते चार आवाज करत नाहीत.”

“मी नाही सांगणार,” कल्याणी म्हणाली. आता तिचेही डोळे वाहत होते. “मागच्या दोघांच्या वाटचंही तिलाच रडायचंय.”