चमचाभर विरजण

शेजारच्या मथुराकाकूंनी वाटी पुढे केली. "वैजू, चमचाभर विरजण दे गं. आठवडा झाला, दही लागतच नाही. वरच्या फडणिसांकडेही नाही."

"माझ्याकडेही नाही, काकू."

क्षयाचा जंतू ज्या जनुकाच्या जोरावर आपल्याभोवती भिंत बांधतो, ते बंद पाडणारा विषाणू वैजयंतीनेच घडवला होता. वर्षभरात क्षयाचे वॉर्ड रिकामे झाले, तिचे सत्कार झाले. हा विषाणू दुसऱ्या कुठल्याही जंतूला शिवणार नाही, असं तिने लिहून दिलं होतं.

"बघते मागच्या गल्लीत," म्हणत काकू जिना उतरल्या.

ओट्यावर रविवारपासून मुद्दाम उघडं ठेवलेलं दूध होतं. आज शुक्रवार. नासलेलं असू दे रे देवा, म्हणत तिने पातेलं नाकाशी नेलं.

दूध ताजं होतं.