मामाची नजर

"दिसेनासं झालंय तिला, दुसरं काय," काका जनावरांच्या दवाखान्यात येऊन म्हणाले.

डॉक्टरबाईंनी वहीतून मान वर केली. "कधीपासून?"

"झाला असेल महिना. जाळीतून द्राक्षं टाकतो, तर हातसुद्धा पुढं करत नाही. तुळईवर ढिम्म बसून राहते. शेजारच्या पिंजऱ्यातली चार तपकिरी माकडं मात्र द्राक्षांसाठी दात काढून ओरडतात."

"थंडीसाठी काळं ब्लँकेट पाठवलं होतं मी. ते मिळालं का तिला?"

"रात्रपाळीवाल्यानं टांगलं असेल कुठंतरी."

काकांची बावीस वर्षं या प्राणिसंग्रहालयातल्या माकडांत गेली होती. त्यातही जीव जडला तो या काळ्या स्पायडर मंकीवर. हातपाय आणि शेपटी ताणून लटकली की अगदी भिंतीवरचा कोळी. या जातीत मादीच पाहणाऱ्याला नर वाटते, आणि तिथं भलेभले फसतात. काकाही फसले. मोठ्या थाटात त्यांनी नाव ठेवलं 'मामा', आणि चार वर्षांनी मामा बाळंत झाली. सगळ्यांनी काकांची यथेच्छ टर उडवली, पण नाव काही सुटलं नाही.

"तुमची नजर तेव्हाही कच्चीच होती की," बाई हसत म्हणाल्या.

"हसा, हसा. पण आता तिचं काय करणार?"

नियम ठरलेला होता. न दिसणारं जनावर उंच पिंजऱ्यात ठेवायचं नाही, पडून हाडं मोडतात. त्याला मागच्या बैठ्या खोलीत हलवायचं. तिथं ना फांदी, ना ऊन, ना कुणाची सोबत. म्हणून तर काकांनी महिनाभर तोंड उघडलं नव्हतं. पण उद्या ती पडून मेली तर, या धास्तीनं आज बोलून गेले. आणि बोलल्यापासून जिवाला चैन नव्हतं.

दोघं पिंजऱ्यापाशी आले. काकांची किल्ली दोनतीनदा कुलपावर आपटली. "मेल्यांनी नवं कुलूप आणलंय, भोक कुठं ते कळत नाही," ते पुटपुटले. मग म्हणाले, "आणखी एक, बाई. मी आत पाऊल टाकलं की ही येते, माझ्या मनगटाला शेपटी गुंडाळते आणि पाण्याच्या टाकीपर्यंत सोडतच नाही. पूर्वी असलं काही करायची नाही हो. आधार लागतो बिचारीला."

बाई बॅटरी घेऊन आत गेल्या. काका जाळीला पाठ लावून बाहेर उभे राहिले. त्यांना बघवेना. दहा मिनिटं झाली तरी आतून काही कळेना, तेव्हा त्यांनी मनातल्या मनात मामाची चारदा माफी मागितली.

"डोळे स्वच्छ आहेत तिचे," बाई दारात येऊन म्हणाल्या. "बोट फिरवीन तिकडं बघते."

"खरं सांगताय?"

"अगदी खरं."

"म्हणजे मागच्या खोलीत नाही न्यायची?"

"नाही न्यायची."

काकांनी बाहीनं डोळे पुसले. एवढा आनंद त्यांना मुलीच्या लग्नातही झाला नव्हता. "मग द्राक्षं का घेत नाही ही लबाड?"

बाई बराच वेळ तुळईकडे बघत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "काका, जरा आत या."

काका उंबऱ्याला अडखळले, सावरले आणि आत येऊन उभे राहिले.

"आत्ता मामा कुठं बसलीय, सांगा बरं."

"हे काय विचारणं झालं?" काका हसले आणि त्यांनी तुळईकडे बोट केलं. "ती काय वर, काळीकाळी. रुसलीय माझ्यावर."

बाईंनी तुळईवर टांगलेल्या काळ्या ब्लँकेटवरून नजर काढून काकांकडे पाहिलं. काकांचं बोट तसंच वर राहिलं, आणि मागून कुणीतरी त्यांच्या दुसऱ्या मनगटाला हळूच शेपटी गुंडाळली.